साडीवर हॅट, तीही द्राक्षांची

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ५४. आमची बारा जणींची भिशी आहे. फेब्रुवारीची भिशी यंदा गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टवर सकाळी अकरा ते दुपारी चार अशी ठरली असून जिची पाळी आहे तिने ‘डर्बी’ ही थीम ठेवली आहे. प्रत्येकीने स्वतः सजवलेली हॅट घालायची आणि उत्तम हॅटला बक्षीस मिळणार. मी आजवर कधी हॅट घातलेली नाही. केस लांब असल्याने उंच अंबाडा घालते, चष्मा लावते आणि नेसणार साडीच. सासूबाई म्हणतात, साडीवर हॅट म्हणजे निव्वळ सोंग दिसेल. एका मैत्रिणीने तयार सजवलेली हॅट ऑनलाइन मागवली आहे, त्यामुळे आपली घरगुती हॅट तिच्यापुढे फिकी पडेल अशीही धास्ती वाटते. पाचशे रुपयांत भागवायचे आहे आणि हाताशी दहा दिवस आहेत. शिवणकाम मला येते.

— एक भिशीकरीण

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य शेवटचे आहे. ज्यांना शिवणकाम येत नाही त्यांना सगळी भिस्त ग्लू गनवर ठेवावी लागते, आणि अशा हॅटचे काय होते ते पुढे येईलच. तुम्हाला सुई-दोरा चालवता येतो, म्हणजे निम्मे काम झाले आहे. उरलेले निम्मे कोणत्या क्रमाने करायचे एवढाच प्रश्न आहे. सर्वसाधारणपणे आधी फुले, मणी, लेस आणली जाते, मग ती जिच्यावर लावायची ती हॅट शोधली जाते आणि ती डोक्यावर नीट बसते का, हे समारंभाच्या ठिकाणी गाडीतून उतरताना कळते. तुम्ही नेमके उलटे चालावे. हॅट पाच तास डोक्यावर सुखाने बसली पाहिजे ही पहिली अट, ती साडीशी जुळली पाहिजे ही दुसरी, आणि सजावटीचा विचार या दोन्हींनंतर.

थीमविषयी आधी थोडे सांगते, कारण त्यावरून काय टाळायचे हे ठरेल. डर्बी ही मूळची घोड्यांची शर्यत. इंग्लंडमध्ये एप्सम येथे ती १७८० मध्ये प्रथम झाली, अमेरिकेतील केंटकीची डर्बी १८७५ पासून चालत आली आहे, आणि आपल्याकडे मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी फेब्रुवारीतच भरते. या शर्यतींना हॅट घालून जाण्याचा जो थाट आहे त्यात हॅटवर घोडा असतोच असे नाही. फुले, पिसे, रिबिनी यांचाच तिथे भरणा असतो. तेव्हा प्लास्टिकचे घोडे, नाल, चाबूक असले काही आणण्याच्या फंदात पडू नका. तुमच्या बारा जणींपैकी निदान तिघी तरी ते आणणारच आहेत.

आता पाया. पुठ्ठ्याची हॅट घरी करता येते, परंतु पाचशे रुपयांत साधी गवती किंवा कागदी दोऱ्याची विणलेली हॅट विकत घेणे अधिक शहाणपणाचे आहे. मेन रोड, शालिमार, रविवार कारंजा या भागात एक चक्कर मारलीत तर उन्हाळी टोप्यांच्या दुकानात अशी हॅट मिळावी. रिबीन, लेस आणि कृत्रिम पानांसाठीही तुम्हाला तिकडेच जायचे आहे. एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक हॅटवर घालवू नका, आणि आधीच फूल किंवा बो लावलेली हॅट तर मुळीच घेऊ नका, कारण ते काढल्यावर डिंकाचे डाग राहतात. दुकानात दाबून ठेवल्याने हॅट चेपलेली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. उकळत्या पाण्याची वाफ दुरून द्यावी, हाताने आकार द्यावा आणि डोक्याच्या मापाचे पातेले पालथे घालून त्यावर ती रात्रभर वाळत ठेवावी. कागदी दोऱ्याची असेल तर पाण्यात भिजवू मात्र नका, तिचा ताठपणा जातो.

दुकानात जाण्यापूर्वी डोक्याचे माप घ्या. शिवणाची टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या एक बोट वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी, आणि ती घट्ट ओढू नये. समजा माप ५७ सेंटिमीटर आले, तर हॅटचा आतला घेर ५८ असावा. हे माप तुम्ही ज्या केशरचनेत जाणार आहात त्याच केशरचनेत घ्यायचे असते, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. उंच अंबाड्यावर हॅट बसतच नाही, ती अंबाड्यावर तरंगते आणि मान हलली की कपाळावर घसरते. म्हणून त्या दिवसापुरता अंबाडा खाली, मानेजवळ घ्या. यात एक फायदाही आहे. हॅटच्या आतील पट्टीला कानांच्या मागे दोन बाजूंनी बारीक गोल इलॅस्टिक टाचले आणि ते अंबाड्याच्या खालून नेले, तर ते केसांत दडते आणि हॅट वाऱ्याने उडत नाही. धरणाच्या बाजूला दुपारी मोकळा वारा असतो, त्यामुळे हे इलॅस्टिक टाळू नका. हनुवटीखालून मात्र ते नेऊ नये, बालवाडीच्या स्नेहसंमेलनातील पात्रासारखे दिसते.

उंच अंबाडा सोडायचाच नसेल तर दुसरा मार्ग आहे. कापडाच्या दुकानातून बकरम, म्हणजे अस्तराला लावतात ते ताठ कापड, आणून बारा सेंटिमीटर व्यासाची दुहेरी चकती कापा, तिला कापड चढवा, आतून केसांत रोवायच्या दोन छोट्या कंगव्या शिवा आणि ती अंबाड्याच्या पुढे, किंचित उजवीकडे तिरपी बसवा. ही पळवाट आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये ॲस्कॉटच्या शाही शर्यतीत राजघराण्यासाठी राखलेल्या आवारात २०१२ पासून केसांत खोवायच्या नुसत्या पिसाफुलांना मज्जाव झाला, तरी निदान चार इंच व्यासाचा भक्कम तळ असलेला शिरोभूषणाचा प्रकार तिथेही चालतो. बारा सेंटिमीटर म्हणजे पावणेपाच इंच, तेव्हा तुम्ही नियमात बसता. तरीही अकरा ते चार हे उन्हाचे तास आहेत आणि जागा उघडी आहे, त्यामुळे माझे मत भोवती कड असलेल्या हॅटला.

कड किती रुंद असावी, हे तुमच्या उंचीवर आणि खांद्यांवर ठरते. बेताची उंची असेल तर सात-आठ सेंटिमीटर पुरे. त्याहून रुंद कड माणसाला बुटके करते, शिवाय फोटोत चेहरा सावलीत जातो. चष्मा असल्याने हॅट भुवयांच्या दोन बोटे वर राहील अशी बसवा आणि समोरची कड किंचित वर वळवा. स्वस्त हॅटची कड हमखास लोंबते. तिच्या काठाला आतल्या बाजूने पातळ तार शिवून घेतली तर हवे तसे वळण देता येते. ५८ घेराच्या आणि आठ सेंटिमीटर कडेच्या हॅटला सुमारे १०८ सेंटिमीटर तार लागते, म्हणून सव्वा मीटर आणा, टोके एकमेकांवर चढवून चिकटपट्टीने गुंडाळा आणि वरून उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी कापलेली, पट्टी शिवा. टोक उघडे राहिले तर ते साडीतच अडकणार.

आता सासूबाईंचे म्हणणे. ते मी सरसकट खोडून काढणार नाही. भरजरी साडी, ठसठशीत नथ, गळ्यात दोन पदरी हार आणि त्यावर हॅट असे झाले तर ते सोंगच दिसते, कारण तिथे दोन पोशाख एकमेकांशी भांडत असतात. येवला आपल्याच जिल्ह्यात असल्याने नाशिककर बाईचा हात समारंभ म्हटला की आपोआप पैठणीकडे जातो, पण या दिवशी पैठणी कपाटातच राहू द्या. एकरंगी साडी, सुती किंवा साधी रेशमी, बारीक काठाची, आणि पदर खांद्यावर पिन लावून चापून बसवलेला. कानांत लहान कुड्या, लांब झुमके नकोत. मग हॅट हाच एकमेव दागिना राहतो आणि डोळा तिथेच जातो. सासूबाईंना ही साडी आणि नुसती, सजावट न केलेली हॅट एकदा एकत्र दाखवा. त्यांची हरकत हॅटला होती की थाटाच्या गर्दीला, ते लगेच कळेल.

साडीचा रंग हॅटवर आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे माथ्याभोवतीची पट्टी. ब्लाउजपीसमधील उरलेला तुकडा असेल तर तो उरेब कापा. हॅटचा माथा वर निमुळता होत जातो, त्यामुळे सरळ कापलेली पट्टी खालून बसते आणि वरून सुटते, उरेब पट्टी मात्र वळणाला चिकटून बसते. जरीचा तयार काठ लावायचा असेल तर तो उरेब घेता येत नाही आणि ताणलाही जात नाही. अशा वेळी वरच्या बाजूस दोन-तीन बारीक चुण्या घालाव्यात आणि त्या उजव्या बाजूस, जिथे सजावट येणार तिथे, लपवाव्यात. लांबी बाहेरच्या घेराहून चार सेंटिमीटर जास्त ठेवा.

उजवी बाजूच का, तर पुरुषांच्या हॅटच्या पट्टीची गाठ डावीकडे आणि स्त्रियांच्या हॅटची सजावट बहुधा उजवीकडे, असा तिकडचा रिवाज आहे. तुमच्यासाठी मात्र त्याहून चांगले कारण आहे. तुमचा पदर डाव्या खांद्यावर असणार. सजावटही डावीकडेच घेतली तर सगळा भार एका अंगाला येतो, उजवीकडे घेतली तर तोल साधतो. पदर गुजराती पद्धतीने उजवीकडे घेणार असाल तर अर्थातच उलट करा.

सजावट कशाची करावी, यावर माझे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. जागा द्राक्षबागेची आहे, महिना फेब्रुवारीचा आहे, ऑक्टोबर छाटणीचा माल तेव्हा वेलीवर तयार असतो. उजवीकडे द्राक्षांचा एक घड, त्याला दोन-तीन पाने आणि वेलीचे कुरळे तणावे, बस्स. नाशिकच्या अभिमानापोटी द्राक्षे, कांदा, मिसळीची वाटी आणि रामकुंड या सगळ्यांना एकाच हॅटवर आणण्याचा मोह होईल. तो आवरा. परीक्षक दहा फुटांवरून पाहणार आहेत आणि तिथून एकच गोष्ट ओळखू येते.

खरी द्राक्षे लावू नका. बेताचा घडसुद्धा तीन-चारशे ग्रॅम भरतो, त्या वजनाने हॅट एका बाजूला कलंडते, एक मणी फुटला तरी रस साडीवर ओघळतो आणि बागेत मधमाश्या असतातच. खरी पानेही तोडल्यावर काही तासांत माना टाकतात. सगळी सजावट मिळून दीडशे ग्रॅमच्या आत राहावी, स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करूनच पाहा. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे घड हलके असतात हे खरे, पण त्यांची चकाकी त्यांचे खोटेपण लगेच सांगते.

घड घरी करा, आणि इथे थोडा वेळ घालवा, कारण तयार हॅटपेक्षा तुमची हॅट वेगळी ठरणार ती याच जागी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पांढुरका थर असतो, त्यामुळे वेलीवरचे द्राक्ष कधीही चकचकीत दिसत नाही, किंचित धुरकट दिसते. म्हणून सॅटिनचे कापड आणलेत तर त्याची मंद, उलटी बाजू बाहेर घ्या. एकाच छटेचे कापड घेऊ नका. हिरव्या घडासाठी पोपटी आणि पिवळसर हिरवा, काळ्या घडासाठी जांभळा आणि त्याहून गडद असा दुसरा जांभळा, अशा दोन छटा मिसळा. हिरवा घ्यायचा की शरद सीडलेससारखा काळा, हे साडीवर ठरवा. मोतिया किंवा फिक्या पिवळ्या साडीवर काळा घड उठून दिसेल, डाळिंबी साडीवर हिरवा.

कापडाचे सहा सेंटिमीटरचे चौकोन कापा. कापसाची घट्ट गोळी, साधारण दीड सेंटिमीटरची, मध्ये ठेवा, कापड खाली ओढून दोऱ्याने आवळून बांधा आणि उरलेले टोक एक सेंटिमीटर ठेवून कापा. गोळी सैल राहिली तर द्राक्ष सुरकुतते आणि बेदाण्यासारखे दिसते, तेव्हा कापूस कंजुषीने वापरू नका. असे बावीस ते पंचवीस मणी पुरतात. हिरव्या तारेचा एक बोटभर दांडा घेऊन खाली एक, त्यावर दोन, मग तीन, असे ते बांधत वर चढा आणि वरचा भाग रुंद ठेवा. सगळे मणी एका मापाचे करू नका, दोन-चार लहान असले की घड खरा वाटतो. ज्यांनी हलव्याचे दागिने केले आहेत किंवा घरच्या लग्नाचे रुखवत मांडले आहे त्यांच्या हाताला हे काम परके नाही, आणि तुमच्या पिढीच्या नाशिककर बाईने यांपैकी एकही केले नसेल यावर माझा विश्वास नाही. सासूबाईंची नजर चांगली असेल तर मणी बांधायला त्यांनाच बसवा.

पानासाठी द्राक्षाचे एक खरे पान मिळवा. पाच फाकांचे, करवती काठाचे ते पान कागदावर ठेवून छाप काढा आणि त्यावरून हिरव्या सुती कापडाचे दुहेरी पान कापा. दोन थरांच्या मध्ये शिरेच्या जागी बारीक तार घालून फेविकॉलने चिकटवा. ओले असतानाच बोटांनी किंचित वाकवून ठेवा. फेब्रुवारीत नाशिकची सकाळ गार असल्याने वाळायला वेळ लागतो, रात्री करून सकाळपर्यंत हात लावू नका. तणाव्यांसाठी हिरवी तार पेन्सिलीभोवती गुंडाळून काढली की झाले. कांद्याच्या कोरड्या गुलाबी सालांच्या पाकळ्या करूनही सुंदर फूल होते, पण ते हात लागताच चुरते, तेव्हा पाच तासांच्या समारंभासाठी त्याचा नाद नको.

घड बसवताना तो माथ्याला टेकून, पट्टीवरून खाली कडेवर उतरेल असा धरा आणि तीन ठिकाणी दुहेरी दोऱ्याने टाचा. वर देठाशी, मध्ये आणि खालच्या टोकाशी. कडेच्या बाहेर लोंबू देऊ नका, दर वेळी मान वळवली की तो गालाला लागेल. गवताच्या विणीतून सुई सहज जाते, पण टाका एकदम घट्ट ओढला तर वीण कापली जाते. म्हणून आतल्या बाजूस फेल्टचा किंवा जाड कापडाचा छोटा तुकडा ठेवून त्यातून टाका घ्या. ग्लू गन फक्त पानाचे एखादे टोक दाबण्यापुरती वापरा. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि सजावट घसरते, शिवाय तो चिकटवताना जे पांढरे तंतू सुटतात ते फोटोत नेमके दिसतात. एखादी मैत्रीण थर्मोकोलवर काही करत असेल तर तिलाही सांगून ठेवा, तापलेल्या ग्लू गनने आणि रबराच्या गोंदाने थर्मोकोल विरघळतो.

मैत्रिणीच्या ऑनलाइन हॅटचा विचार तुम्ही मनातून काढून टाकावा. ‘स्वतः सजवलेली’ ही अट तुमच्याच पत्रात आहे. ती पाळली जाते की नाही हे यजमानीण पाहील. तुम्ही तो विषय भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढू नये.

दहा दिवसांपैकी शेवटचे दोन मोकळे ठेवा. त्यांतील एका दुपारी साडी नेसून, चष्मा लावून, हॅट घालून अर्धा तास घरात वावरा. चहा ओता, वाकून चप्पल घाला, खुर्चीत मागे टेकून बसा, कोणाच्या तरी गळ्यात पडून पाहा. कपाळावर वळ उठत असेल तर आतली पट्टी उसवून सैल करा. हॅट सैल वाटत असेल तर पट्टीच्या आत फोमचा पातळ तुकडा फक्त पुढे आणि मागे घाला, बाजूंना नको. डोके लांबट गोल असते, ५७ घेराचे डोके पुढून मागे साधारण साडेएकोणीस आणि आडवे सतरा सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे कानांपाशी भर घातली तर दोन तासांत डोके ठणकू लागते.

नेताना हॅट कडेवर टेकवून ठेवू नका, कड वाकडी होते. बेकरीतून मोठ्या केकचा खोका मागून घ्या, त्यात एक डबा पालथा ठेवा आणि त्यावर हॅट अशी बसवा की कड अधांतरी राहील. दुचाकीवरून जाणार असाल तर डोक्यावर हेल्मेट आणि खोका मागे बसणारीच्या मांडीवर. तिथे पोहोचल्यावर आरशासमोर अंबाडा पुन्हा बसवण्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवा. पर्समध्ये सुई, हिरवा दोरा, लहान कात्री आणि चार काळ्या पिना असू द्या, कारण बारा हॅटपैकी एखादी तरी जेवणाच्या आधी उसवणारच, आणि ती तुमची नसली तरी मदतीला तुम्हालाच बोलावले जाईल.